टकटक आणि तेलाचा थेंब

जबलपूर मागे पडतं, नागपूरचा रस्ता तिलवाऱ्याच्या उताराला लागतो आणि समोर नर्मदेवरचा पूल दिसतो. उताराच्या तोंडाशी पत्र्याची एक शेड आहे. मे महिना. सकाळचे साडेदहाच वाजलेत, पण पत्रा तापून कडकड वाजू लागलाय. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की बाकावर मांडलेले पाने बारीक थरथरतात. जळलेल्या टू-टी ऑइलचा गोडसर वास हवेत तरंगतो आहे.

शेडसमोर अकरा गाड्या रांगेत आहेत. दोन बुलेट, एक जुनी स्कूटर, बाकी बहुतेक यामाहाच्या आरएक्स 100. 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघालेली ही गाडी. तिचं नाव काढलं की आजही माणसं खुर्ची पुढे ओढतात. आमचा नंबर पाचवा. भाचा टाकीवर हात ठेवून उभा आहे. गाडी त्याच्या वडिलांची. इंजिन गेल्या महिन्यात नव्याने बांधलेलं. ब्लॉक बोर करून 0.50 चा वाढीव पिस्टन बसवलाय, पोर्ट घासून रुंद केलेत, कार्बोरेटर मोठा आहे, सायलेन्सर फुगीर पोटाचा. गाडी पळते. पण सकाळी पहिली किक मारली की आतून टकटक येते.

मिस्त्री येतो. पन्नाशी ओलांडलेला, नखांच्या कडा काळ्या. तो काही विचारत नाही. उलटा पंजा इंजिनाच्या फिनजवळ धरतो. मग मान हलवतो.

"गरम है. ठंडा होने दो."

म्हणजे थांबायचं. या शेडमधली खरी रांग गाड्यांची नाही, तापमानाची आहे. गार इंजिनाचा आवाज गार असतानाच ऐकू येतो. शहरातून पंधरा किलोमीटर चालवत आणलेली गाडी मिस्त्रीला काही सांगत नाही. भाचा माझ्याकडे पाहतो. "मामा, तासभर जाईल." जाऊ दे.

मी शेडच्या मागच्या बाजूला जातो. तिथे उजेड कमी, पण वारा आहे. लाकडी बाकावर एक मोकळा ब्लॉक उभा ठेवलाय, नुकताच लेथवरून बोर होऊन आलेला. आतली भिंत आरशासारखी नाही, तिच्यावर बारीक तिरप्या रेघांची जाळी आहे. या जाळीत तेल धरून राहतं. मिस्त्रीचा मोठा मुलगा बोर गेज आत उतरवतो. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सहा आकडे. तो खडूने ते पत्र्यावर लिहितो. मग मायक्रोमीटर घेऊन पिस्टन मोजतो, खालच्या कडेच्या थोडं वर, पिनेला काटकोनात. दोन मापांमधला फरक म्हणजे फट. इथे ती साडेतीन-चार शतांश मिलिमीटर ठेवतात. माणसाच्या केसाच्या साधारण निम्मी.

"इतकी तरी कशाला ठेवायची?" मी विचारतो.

तो पिस्टन माझ्या तळहातावर ठेवतो. हलका आहे, अल्युमिनियमचा. सिलिंडरची भिंत बिडाची. दोन्ही 100 अंशांनी तापले, तर 50 मिलिमीटरचा पिस्टन साधारण 10 शतांशाने फुगतो आणि बीड त्याच्या जेमतेम निम्म्याने. शिवाय पिस्टन भिंतीपेक्षा जास्त तापतो. फट घट्ट ठेवली तर तापलेला पिस्टन भिंतीला धरतो. मोकळी ठेवली तर गार असताना तो पिनेवर डुलतो आणि त्याचा घेर भिंतीवर आपटतो. टकटक ती हीच. शर्यतीसाठी ठोकून घडवलेले पिस्टन जास्त फुगतात, म्हणून त्यांना फटही जास्त द्यावी लागते, आणि सकाळी ते जास्त बोलतात.

बाकाच्या टोकाला वर्तमानपत्रावर दुसरा एक पिस्टन पडलाय. त्याच्या एका अंगावर उभ्या रेघा. मी नख फिरवतो. नख अडकतं. सायलेन्सरच्या बाजूचं अंग आहे हे, सगळ्यांत जास्त तापणारं. त्याचा मालक शेजारीच टायरवर बसलाय. त्याच्या गाडीचा ऑइल पंप कुणीतरी काढून टाकला होता. लिटरला 20 मिलि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, जुन्या स्कूटरवाले पंपावर मिसळून घ्यायचे तसंच. सपाटीवर ठीक चाललं. मग कुरईच्या घाटात लांब उतार लागला. एक्सीलेटर बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद.

"आवाज आला होता का आधी?"

"काहीच नाही," तो म्हणतो. "एकदम मागचं चाक लॉक."

मी पिस्टन परत वर्तमानपत्रावर ठेवतो. हाताला तेल लागत नाही. कोरडा आहे.

बाहेर ऊन सरळ डोक्यावर आलंय. पारा 42-43 कडे असणार. खाली घाटाच्या दिशेने "नर्मदे हर" ऐकू येतं. खांद्याला झोळी लावलेले दोन परिक्रमावासी रस्ता ओलांडून सावलीला येतात, पाणी पितात. बोलणं मराठी. इंजिनांकडे एक नजर टाकतात आणि पुढे निघतात. रांग एका गाडीने सरकते.

पुन्हा उलटा पंजा. आता मिस्त्री बोट फिनवर टेकवतो आणि तिथेच ठेवतो. इंजिन गार आहे.

"किक मारो. रेस नहीं देना."

दुसऱ्या किकला इंजिन धरतं. टक-टक-टक. कोरडी, एका तालातली. भाच्याचा चेहरा उतरतो. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकच्या खालच्या भागावर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. मग टोक क्लच कव्हरवर. मग मॅग्नेटच्या बाजूला. मग पुन्हा ब्लॉकवर. क्लच दाबायला लावतो. आवाज बदलत नाही, म्हणजे क्लचचा नाही. तीन मिनिटं जातात. कुणी बोलत नाही. पाचव्या मिनिटाला टकटक विरळ होते. आठव्याला शोधावी लागते. गजन पिनेचं बेअरिंग गेलं असतं तर ती अशी मावळली नसती, कनेक्टिंग रॉडचं असतं तर गरम झाल्यावर आणखी जड वाजली असती.

"पिस्टन है. बोलने दो उसको."

भाचा सुटकेचा श्वास सोडतो. मिस्त्री मात्र इंजिन बंद करून प्लग खोलतो. प्लगचं टोक विटकरी असायला हवं. हे पांढुरकं आहे, कोरडं. तो सायलेन्सर उतरवतो, पोर्टच्या तोंडाशी बॅटरी धरतो आणि किक हाताने हळू दाबत पिस्टन खाली-वर करतो. ब्लॉक न खोलता पिस्टनचं अंग इथून दिसतं. मला बोलावतो. आत चंदेरी अंगावर तीन-चार पुसट उभ्या रेघा. टायरवरच्या माणसाच्या पिस्टनवर होत्या, त्याच जागी. फक्त अजून खोल गेलेल्या नाहीत.

आता सगळे वाकून पंपाकडे पाहतात. उजव्या बाजूचं छोटं झाकण निघतं. 1964 साली यामाहाने आणलेली ही युक्ती: ऑइलची टाकी वेगळी, पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो आणि एक्सीलेटरच्या केबलने त्याची मात्रा वाढते. उतारावर एक्सीलेटर बंद असला तरी तो थोडं तेल देतच राहतो. पंपाच्या पुलीवर एक खूण आहे, शेजारी पिन. एक्सीलेटरच्या ठरलेल्या जागी दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. मिस्त्री एक्सीलेटर खेचतो. खूण पिनेपर्यंत पोचतच नाही. कार्बोरेटर मोठा आला, केबलची लांबी बदलली, पंपाची केबल ढिली राहिली. इंजिन जास्त मागतंय आणि पंप कमी देतोय. शिवाय पारदर्शक नळीत मसुरीएवढा हवेचा एक बुडबुडा.

7,500 फेऱ्यांना हा पिस्टन सेकंदात 125 वेळा खाली-वर होतो. 50 मिलिमीटरचा स्ट्रोक. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी 45 किलोमीटर, तोही बोटभर जागेत. आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये आहे ते फक्त या नळीतून येणारं तेल.

केबल आवळली जाते. खूण पिनेसमोर येते. मिस्त्री पेट्रोलच्या टाकीत थोडं टू-टी ऑइल ओततो, हवा निघेपर्यंत इंजिन कोरडं पडू नये म्हणून. मग पंपाचा हवेचा स्क्रू सैल करतो. तेल झिरपतं, फेसासकट. आम्ही पाहत राहतो. बुडबुडा नळीत सरकतो, अडतो, पुन्हा सरकतो. स्क्रूच्या तोंडाशी येऊन फुटतो. मग थेंब येतो, निखळ. दुसरा. तिसरा. स्क्रू घट्ट.

"आणि ती टकटक?" भाचा विचारतो. मराठीत विचारतो, पण मिस्त्रीला कळतं.

"रहेगी. सुबह-सुबह बोलेगी. जिस दिन तेल नहीं होगा, उस दिन कोई नहीं बोलेगा."

रांग पुन्हा सरकते. पुलावरून ट्रक जातो, पाने थरथरतात. भाचा समोरच्या दुकानातून ऑइलची बाटली आणतो, बाजूचं झाकण उघडतो आणि टाकीत ओततो. बाटली उपडी धरून उभा राहतो. धार बारीक होते, तुटते, थेंबावर येते. ऊन मानेवर बसतंय. तो हलत नाही. शेवटचा थेंब बाटलीच्या काठाशी जमतो, लोंबतो, आणि सुटतो.