लाकडी फ्लोअरिंग: लॅमिनेट घ्यावं की अस्सल लाकूड?

दुकानात दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या तर वरून फरक चटकन कळत नाही. कडेने पाहिलं की कळतो. लॅमिनेटमध्ये लाकडाचे तंतू दाबून केलेला गाभा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि वर मेलामाइनचं कवच असतं. जाडी साधारण 8 ते 12 मिलिमीटर. ते स्वस्त पडतं, ओरखडेही कमी उठतात. हार्डवूड म्हणजे सागवान किंवा ओकची अखंड फळी. ती घासून पुन्हा पॉलिश करता येते. लॅमिनेटला ही सोय नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न पाण्याचा. रोज ओल्या फडक्याने लादी पुसली की सांध्यांतून पाणी झिरपतं, लॅमिनेटचा गाभा फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. फळीच बदलावी लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत अस्सल लाकूडही फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून दोन्ही प्रकारांत भिंतीलगत साधारण 10 मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. कारागीर ती सोडतोय ना, हे स्वतः उभं राहून बघावं.

भाड्याने द्यायच्या फ्लॅटला लॅमिनेट पुरे. स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दारापाशी मात्र दोन्ही नकोत, तिथे टाइल्सच बऱ्या.