नव्या वर्षात आधी गेल्या वर्षाचा हिशेब

सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांची बढती एका शब्दावर अडली. अधीक्षक अभियंता व्हायचं तर शेवटच्या पाचही वर्षांच्या गोपनीय अहवालांत ‘अतिशय चांगला’ असा शेरा हवा होता. त्यांच्या १९९३-९४च्या अहवालात नुसतंच ‘चांगला’ लिहिलेलं होतं. तेवढ्यावरून ते मागे राहिले आणि कनिष्ठ पुढे गेले. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नव्हता. जे माहीतच नाही त्यावर हरकत घेणार कशी? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १२ मे २००८ रोजी आला, तोवर ते निवृत्त झाले होते. ज्या शेऱ्यामुळे माणूस बढतीला मुकतो तो दिसायला ‘चांगला’ असला तरी प्रतिकूलच, असं न्यायालयानं म्हटलं. अहवालातली प्रत्येक नोंद सरकारी कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असा दंडकही घालून दिला.

त्यानंतर केंद्र सरकारनं २००९ मध्ये नियम बदलला. आता अख्खा अहवाल कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो आणि त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस मिळतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानंही हीच भूमिका कायम ठेवली. हक्क मोठा आहे. पण तो वापरायचा तर वर्षभरात आपण काय काय केलं हे तारखेनिशी सांगता यायला हवं आणि नेमकं तिथंच घोडं अडतं.

डिसेंबर सरता सरता नव्या कोर्सची चौकशी होते, बायोडेटा उघडला जातो, ‘यंदा नोकरी बदलायचीच’ असं घरात बोलून होतं. यात गैर काहीच नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की नवा आठवडा, नवा महिना किंवा नवं वर्ष सुरू होताना माणसं खरोखरच जास्त उमेदीनं कामाला लागतात. व्यायामशाळेतली हजेरीसुद्धा वाढते. मात्र आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारी उजाडतो तेव्हा त्यातले नऊ महिने खर्ची पडलेले असतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला स्वमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत द्यावं लागतं आणि बऱ्याच खासगी कंपन्यांत अप्रेझलचा फॉर्म त्याच्याही आधी येऊन पडतो. त्यामुळे नोकरदारासाठी जानेवारीतलं सर्वांत निकडीचं काम म्हणजे मागच्या एप्रिलपासूनचा हिशेब मांडणं.

तो मांडलेला नसला की काय होतं? फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उगवतो, एप्रिल-मेमधलं काही आठवत नाही आणि रकान्यात एकच वाक्य पडतं : ‘नेमून दिलेली सर्व कामं वेळेत पूर्ण केली.’ हे वाक्य खरं असलं तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. समजा, एखाद्या सहकारी बँकेच्या कर्ज विभागातल्या अधिकाऱ्यानं त्याऐवजी असं लिहिलं : ‘जून ते सप्टेंबरमध्ये ४० थकीत खात्यांचा पाठपुरावा केला, त्यातली २६ नियमित झाली. नऊ शेतकरी खातेदारांसाठी हप्ते नव्यानं बांधून देण्याचा प्रस्ताव तयार केला, तो मुख्य कार्यालयात मंजूर झाला.’ यात काळ आहे, आकडा आहे, स्वतःचा वाटा आहे आणि त्यातून काय झालं तेही आहे. बढाई कुठंच नाही. असं वाक्य ऐन वेळी सुचत नाही, त्यासाठी सप्टेंबरमध्येच कुठंतरी टिपून ठेवलेलं असावं लागतं.

साहेबांना सगळं माहीत आहे, या भरवशावर राहणं महागात पडतं. एक तर साहेब बदलतात. सप्टेंबरात रुजू झालेल्या अधिकाऱ्याला मे महिन्यातली धावपळ कशी कळणार? दुसरं म्हणजे, गुण देणाऱ्याची नजरच मुळात सारखी नसते. स्कलेन, माउंट आणि गॉफ यांनी २००० साली ४,४९२ व्यवस्थापकांना मिळालेल्या मूल्यांकनांची छाननी केली. गुणांमधला निम्म्याहून जास्त फरक कामातला नव्हता; तो गुण देणाऱ्याच्या स्वभावातून आणि सवयींतून आलेला होता. अडोबीनं २०१२ मध्ये वार्षिक मूल्यमापनच बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांना क्रमवारीत बसवणं सोडलं. पण आपल्याकडच्या लाखो टेबलांवर वार्षिक फॉर्म अजून येतोच आणि पगारवाढ त्यावरच ठरते.

इथं एक अडचण मनातली असते. आपणच आपलं कौतुक काय करायचं, या संकोचानं चांगली चांगली माणसं फॉर्ममध्ये हात आखडता घेतात. बायकांना तर याचा फटका जास्त बसतो. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर यांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचण्याजोगा आहे. चाचणीत सारखेच गुण मिळवलेल्या स्त्री-पुरुषांना स्वतःच्या कामगिरीविषयी मत द्यायला सांगितलं, तर स्त्रियांनी स्वतःला कमी लेखलं. मिळालेले गुण आधी सांगितले तरीही हा फरक पुसला गेला नाही. अशा वेळी विशेषणांपेक्षा आकड्यांचा आधार घेणं सोपं जातं. ‘मी उत्तम काम केलं’ लिहिताना पेन अडतं, ‘२६ खाती नियमित झाली’ लिहिताना अडायचं कारण नाही.

नोंद ठेवायला फार काही लागत नाही. शुक्रवारी ऑफिसमधून निघण्याआधी दहा मिनिटं आणि एक साधी वही पुरते. आठवड्यात काय हातावेगळं झालं, कुठं अडलं, कोणाला मदत केली, कोणी शाबासकी दिली, एवढं पुरे. एक पथ्य मात्र कसोशीनं पाळावं : कंपनीची गोपनीय कागदपत्रं किंवा ग्राहकांची माहिती स्वतःच्या मेलवर पाठवू नये. वहीत आपल्या कामाचं वर्णन येतं, कंपनीचा दस्तऐवज नाही.

ज्यांना टेबलच नाही, त्यांच्यासाठी तर कागदाचं मोल आणखी मोठं. वीस वर्षं वायरिंग करणाऱ्या माणसाच्या बोटांत कसब असतं, पण हातात प्रमाणपत्र नसल्यानं मोठ्या ठेकेदाराकडे तो हेल्परच ठरतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशांसाठी ‘आरपीएल’ची सोय आहे. अनुभवातून आलेलं कौशल्य तपासून त्याचं प्रमाणपत्र दिलं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार कामगाराला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. नियुक्तिपत्र अजून हाती नसेल तर या जानेवारीत ते मागावंच.

नोकरी बदलायचा विचार असेल तर हीच वही बायोडेटाला कामी येते. तो कोणाला दाखवावा, याचं उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच देऊन ठेवलंय. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांशी ते बोलले, तेव्हा बहुतेकांना ती माहिती रोजच्या जवळच्या मित्रांकडून मिळालेली नव्हती. ती आली होती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जुन्या ऑफिसातला सहकारी, प्रशिक्षणात शेजारी बसलेली बाई, बॅचमधला दुसऱ्या शहरात गेलेला मुलगा. त्यांना एक फोन करायला नवं वर्ष हे चांगलं निमित्त आहे.

आणि नोकरी आधीच बदललेली असेल तर पीएफचं खातं उघडून पाहावं. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसली की पैसे काढताना किंवा वळते करताना अर्ज अडतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की सदस्याला ही तारीख पोर्टलवर स्वतःच भरता येते. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. दर नोकरीगणिक पेन्शनची रक्कम काढून घेतली तर आधीची वर्षं गळतात, खातं वळतं केलं तर ती जोडली जातात. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावं, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज मार्चच्या गर्दीआधी मार्गी लागतो.