खुब्याचे सांधेरोपण आणि वाहनचालन : वैद्याने द्यावयाचा सल्ला

खुब्याचा सांधा बदललेला रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा वातशामक तेल वा बल्य औषध मागण्यासाठी. मात्र उठताना तो हमखास विचारतो, "वैद्यराज, गाडी कधीपासून चालवू?" असे विचारणारे सारेच वृद्ध नसतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने तिशी-चाळिशीतच ही शस्त्रक्रिया करावी लागलेल्या कित्येकांची उपजीविका वाहनावर असते. "दुखणे थांबले की चालवा" हे उत्तर अशांना देणे धोक्याचे आहे.

शल्यचिकित्सक सामान्यतः सुमारे ६ आठवडे थांबावयास सांगतात. परंतु ही परवानगीची तारीख नव्हे. खरा निकष ब्रेकचा आहे. आपल्याकडे ब्रेक व अॅक्सिलरेटर ही दोन्ही कामे उजव्या पायाची. त्यामुळे उजवा खुबा बदलला असल्यास अधिक सावधगिरी हवी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. पाय उचलण्यास तेवढा विलंबही पुरेसा घातक ठरतो. डावा खुबा बदललेल्यास स्वयंचलित गिअरची गाडी तुलनेने लवकर शक्य होते. क्लच असल्यास मात्र नाही. शल्यचिकित्सकाच्या अनुमतीनंतर प्रथम बंद गाडीत बसून पाय झटकन ब्रेकवर नेऊन जोराने दाबून पाहावा. कळ आली वा पाय कचरला, तर आणखी थांबावे.

गाडीत बसताना आधी पाठमोरे टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. ज्यांना खुबा ९० अंशांपलीकडे न वाकविण्याचे पथ्य सांगितले आहे, त्यांनी खोल आसनावर घट्ट उशी घ्यावी. दुचाकीचा प्रश्न याहून बिकट, आणि आपल्या गावोगावी तीच अधिक. टांग टाकून बसणे, किक मारणे, मुख्य स्टँडवर गाडी चढविणे, सिग्नलला सारा भार एका पायावर पेलणे, या प्रत्येक क्रियेत नव्या सांध्यावर ताण येतो. पडल्यास सांधा निखळण्याचे वा लगतचे हाड मोडण्याचे भय. दुचाकीची अनुमती म्हणूनच वेगळी विचारून घ्यावी.

औषधविक्रेत्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाने गुंगी येते. त्यावर तगर, जटामांसी वा अश्वगंधा यांचे कल्प दिल्यास ती वाढू शकते. असा रुग्ण वाहन चालवितो काय, हे विचारल्यावाचून कल्प देऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८६ नुसार, आपल्या शारीरिक अक्षमतेमुळे इतरांना धोका आहे हे जाणूनही वाहन चालविणे दंडनीय आहे.

पुढे लांबचा प्रवास सुरू झाल्यावर दर तासाला उतरून चार पावले चालावे. याच काळात कोणी पोटरी सुजून दुखते म्हणून अभ्यंगासाठी आला, तर तेल लावू नये; शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. त्याला त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे, आणि गाडी दुसऱ्याने चालवावी.