तहकुबी आणि सूट

दुष्काळ जाहीर झाला की गावोगाव एकच बोलणे ऐकू येते : 'सरकारने माफ केले.' कचेरीत वसुलीचे कागद लिहिण्यात आमचा जन्म गेला; त्यामुळे हे बोलणे ऐकले की आम्हांस धास्ती वाटते. माफ झालेले कोणते आणि नुसते थांबलेले कोणते, हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ खातेदार पुढे अडचणीत आलेले आम्ही पाहिले आहेत.

तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. देणे अंगावर राहतेच. बरे साल आले की ते मागितले जाते. सूट म्हणजे देणेच उतरणे.

कायद्याने ठरलेली बाकी घेऊ नये, किंवा आज घेऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार सरकारास येतो कोठून? इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याने १६८७ साली केवळ आपल्या हुकमाने धर्मविषयक कायदे तहकूब केले. पुढल्याच वर्षी त्यास देश सोडून पळावे लागले, आणि पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदे तहकूब करणे बेकायदा होय, असे १६८९ साली ठरले. आपल्याकडेही हा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ७८ अन्वये पीक बुडाल्यास राज्य सरकार सारा कमी करू शकते, तहकूब करू शकते किंवा सोडून देऊ शकते. 'शकते' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मग सारा भार येतो आकड्यावर. १९१८ साली खेडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या सालचा सारा पुरा तहकूब व्हावा, असा नियम होता. नियमाविषयी तंटा नव्हताच. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आत, अंमलदार म्हणत त्याहून अधिक. एवढ्यावरून गांधीजींना सत्याग्रह करावा लागला. आता आण्यांच्या जागी पैसे आले आणि पन्नास पैशांची रेघ आली, परंतु पीक डोळ्यांनी पाहून व कापून अंदाज ठरवायचा तो ठरवायचाच. पैसेवारीची समिती गावात येते तेव्हा आपली मंडळी बाजारास गेलेली असतात, आणि अंतिम आकडा लागल्यावर चावडीवर गलका करतात!

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत आपल्या जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर व येवला हे होते. त्या वेळच्या सवलती नीट वाचाव्यात. जमीन महसुलात सूट. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. मागील थकबाकीचा येथे उल्लेख नाही. पीककर्जाचे मात्र पुनर्गठन, आणि शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती. म्हणजे एकाच हुकमात दोन्ही प्रकार आले! सारा आज एकरी किती, हे सर्वांस ठाऊक आहे. तो सुटला तरी घर सावरत नाही. खरा बोजा कर्जाचा, आणि तेथे मिळाली ती तहकुबीच. वसुली थांबली म्हणून व्याजही थांबले असे धरून चालू नये. हुकूम निघाला की त्याची नक्कल मिळवावी आणि कर्ज किती मुदतीचे झाले, व्याज कोणत्या तारखेपासून व किती, हे सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तर पत्करू नये.