सीझर मेला, पण नाटक त्याचं होतंच कुठे?

आपल्याकडे एखादा पक्ष फुटला की दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात ब्रूटस हजर! गद्दारांचा कुलपुरुष करून टाकलाय बिचाऱ्याला. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधला ब्रूटस मात्र एवढा सरळसोट नाही. खरं तर त्या नाटकात सरळसोट असं कुणीच नाही. दुसऱ्याला ज्या गोष्टीवरून झोडपायचं, तीच गोष्ट दोन प्रवेशांनंतर स्वतः करायची, ही तिथल्या समस्त थोर मंडळींची खोड.

सुरुवात सीझरपासून. नाटकाला नाव त्याचं, पण पाच अंकांपैकी तिसऱ्याच्या पहिल्या प्रवेशात स्वारी आटोपते. वाट्याला ओळी जेमतेम दीडशे. ब्रूटसला सातशेच्या वर. आणि हा जगज्जेता दिसतो कसा? भर बाजारात फिट येऊन कोसळणारा, डाव्या कानाने बहिरा. फिटचा आजार ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने लिहून ठेवलाय, कान मात्र शेक्सपिअरच्या पदरचा. तो त्याने टाकलाय कुठे, ते बघा. आपल्याला कुणाचंच भय नाही, अशी बढाई मारून होते न होते तोच सीझर आपला मित्र अँटनीला उजवीकडून यायला सांगतो, कारण डावीकडचं ऐकू येत नाही!

ब्रूटस आणि मंडळी कट करून सीझरचा खून करतात, त्यातल्या जखमांचा हिशेबही चुकलाय. रोमन चरित्रकार सुएटोनिअस 23 वार सांगतो आणि तपासणाऱ्या वैद्याच्या मते त्यातला एकच जीवघेणा होता, असंही नोंदवतो. नाटकात सीझरचा वारस ऑक्टेव्हिअस त्याचे 33 करतो. खून कॅपिटॉलमध्ये होतो, तेही चूक. प्रत्यक्षात तो झाला पॉम्पेच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात, म्हणजे चक्क थिएटरच्या आवारात. रोममधल्या त्या अवशेषांत आज बेवारस मांजरांचा आश्रम आहे. शिवाय कट शिजत असताना घड्याळाचे टोले पडतात. इसवी सनापूर्वी 44 मध्ये टोल्यांचं घड्याळ! पण टोले ऐकून प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो ना, मग झालं.

आता ब्रूटस. चौथ्या अंकात तंबूतलं भांडण हा माझ्या मते नाटकातला सर्वांत खमंग प्रवेश. ब्रूटस कटातला साथीदार कॅशिअसला लाचखोरीवरून फाडून खातो. आणि त्याच दमात तक्रार करतो, की सैन्याच्या पगारासाठी तुझ्याकडे सोनं मागितलं ते का नाही पाठवलंस? वाममार्गाने पैसा उभा करणं मला जमत नाही म्हणे. म्हणजे पाप तू कर, पगार मी वाटतो!

इतिहासातला ब्रूटस तर याच्याही पुढचा. सायप्रसमधल्या सॅलॅमिस या गावाला त्याने आडून कर्ज दिलं होतं, दर सालीना 48 टक्के. तिथला सुभेदार म्हणून गेलेल्या सिसेरोने 12 टक्क्यांची मर्यादा घातलेली. ब्रूटसच्या वसुली माणसाने त्याआधीच घोडेस्वार लावून गावच्या कारभाऱ्यांना सभागृहात कोंडलं होतं, त्यात पाच जण उपासमारीने मेले. हे सगळं सिसेरोच्याच पत्रांतून कळतं. आणि सीझरने नाण्यावर स्वतःचं डोकं छापलं म्हणून बोंब मारणाऱ्यांच्या या म्होरक्याने पुढे काय करावं? एका बाजूला दोन खंजीर, दुसऱ्या बाजूला स्वतःचं डोकं असलेलं नाणं पाडलं. त्यातलं एक सोन्याचं नाणं 2020 मध्ये लिलावात 30 लाख पौंडांच्या वर गेलं.

तरीही हा माणूस आवडतो, हीच तर शेक्सपिअरची चलाखी. युद्धाच्या तोंडावर ब्रूटस रात्री पुस्तक शोधत बसतो, नोकराकडे दिलं असेल असं समजतो, आणि ते निघतं त्याच्याच झग्याच्या खिशात. वाजवता वाजवता पोरगा ल्यूशिअस पेंगतो, तर वाद्य पडून फुटेल म्हणून तो ते हळूच काढून घेतो आणि पोराला झोपू देतो. याच रात्रीचा एक गुंता अभ्यासकांना अजून सुटलेला नाही. बायको पोर्शिया गेल्याचं ब्रूटस कॅशिअसला आपणहून सांगतो. थोड्या वेळाने मेसाला नावाचा सहकारी तीच बातमी आणतो, तेव्हा मात्र आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून शांतपणे पचवतो. छापण्यातला घोळ, की चारचौघांत धीरोदात्त दिसण्याची हौस? मी दुसऱ्याच्या बाजूने.

कॅशिअस कपटी खरा, पण त्याचा प्रत्येक सल्ला बरोबर निघतो. अँटनीलाही उडवा, त्याला प्रेतापुढे बोलू देऊ नका, फिलिपायला चाल करून जाऊ नका. तिन्ही वेळा ब्रूटस तत्त्वाचं बोलून त्याला गप्प करतो आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटतो. माणसांच्या मनातलं अचूक दिसणाऱ्या या गड्याची नजर मात्र अधू. रणांगणातलं लांबचं नीट दिसत नाही म्हणून नोकराला बघायला लावतो, तो चुकीचं सांगतो, आणि जिंकलेल्या मित्राला पकडलेला समजून कॅशिअस जीव देतो. तोही वाढदिवशी, ज्या तलवारीने सीझरला भोसकलं तिनेच.

अँटनीने तर कमाल केली. प्रत्येक नागरिकाला 75 द्राख्मा, असं सीझरचं मृत्युपत्र दाखवून त्याने गर्दी पेटवली. पुढच्याच अंकात तेच मृत्युपत्र मागवून देणी कुठे कापता येतील ते बघतो. पेटलेल्या त्या गर्दीने सिन्ना नावाच्या कवीला कटवाला सिन्ना समजून मारलं. कवी आहे हे कळल्यावर, कविता वाईट आहेत म्हणून मारलं!

1864 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला बूथ आडनावाच्या तीन सख्ख्या भावांनी या नाटकाचा एक प्रयोग केला. एडविन ब्रूटस, ज्युनिअस कॅशिअस, आणि जॉन अँटनी. वडिलांचं नावच मुळी ज्युनिअस ब्रूटस बूथ. पाच महिन्यांत जॉनने लिंकनना गोळी घातली आणि पळता पळता डायरीत लिहिलं, की ज्यासाठी ब्रूटसचा गौरव झाला तेच मी केलं. स्टेजवर मात्र त्याच्या वाट्याला अँटनीच आला होता.

आणि हेच नाटक पोचलं दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आयलंडच्या तुरुंगातही. सनी वेंकटरत्नम या कैद्याने शेक्सपिअरच्या ग्रंथाला दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचं कव्हर घातलं आणि धर्मग्रंथ म्हणून पहारेकऱ्यांच्या नजरेतून वाचवला. सोबत्यांनी आवडत्या ओळींशेजारी सह्या केल्या. 16 डिसेंबर 1977 ला नेल्सन मंडेलांनीही केली, याच नाटकात. हुकूमशाहीशी आयुष्यभर झुंजलेल्या या माणसाला ब्रूटसच्या ओळी हव्या असतील, असं वाटेल. त्यांनी निवडल्या सीझरच्या.