गाडी सुटली तरी चालेल

परगावचा पाहुणा मुंबईत उतरला, की यजमान आधी चहा विचारतो आणि मग बजावतो, ‘लोकलच्या फंदात पडू नकोस, टॅक्सी कर.’ सल्ला काळजीपोटी दिलेला असला तरी तो अर्धाच खरा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि हे शहर रुळांच्या कडेने वाढत गेले. लोकल टाळून मुंबई कळायची नाही. मात्र तिची रीत आधी समजून घ्यावी.

पहिली गोष्ट मार्गांची. चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाते ती पश्चिम रेल्वे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याण आणि पुढे कसारा किंवा कर्जत-खोपोलीकडे जाते ती मध्य रेल्वे. तिथूनच पनवेलकडे जाते ती हार्बर. पश्चिम आणि मध्य यांची गाठ दादरला पडते. तिथे पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासूनच मोजले जात आणि नवखा माणूस हमखास गोंधळे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सरळ क्रमांक झाले आहेत.

दुसरी गोष्ट जलद आणि धीम्या गाडीची. इंडिकेटरवर शेवटचे स्थानक, वेळ आणि गाडीचा प्रकार दिलेला असतो. तो नीट वाचावा. माहीमला जायचे आणि बसलात विरार जलदमध्ये, तर दादरनंतर माहीम डोळ्यांदेखत मागे पडते आणि गाडी वांद्र्याला थांबते. शंका असेल तर धीमी पकडावी. ती उशिरा पोचवते, पण चुकवत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. सकाळी गर्दीचा लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे वाहतो. संध्याकाळी तोच उलटा फिरतो. सामानसुमान, लेकरेबाळे, म्हातारी माणसे बरोबर असतील तर दुपारची वेळ धरावी. परतीचे तिकीट सकाळीच काढून ठेवावे, म्हणजे संध्याकाळच्या रांगेतून सुटका होते. पहिला वर्ग आणि महिलांचे डबे कुठे येतात, ते फलाटावरच विचारून घ्यावे.

डब्यात शिरल्यावर दारात थांबू नये. मागचा धक्का तुम्हाला नको असेल तिथे नेऊन उभा करतो. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा देण्याचा इथे रिवाज आहे. ‘जरा सरकता का?’ म्हटले की माणसे सरकतात. आपल्या स्थानकाआधी एक-दोन स्थानके उठावे, फलाट कोणत्या बाजूला येणार ते विचारावे आणि पुढच्याला ‘दादर उतरणार का?’ म्हणावे. तो उतरणारा असेल तर त्याच्या पाठीमागे उभे राहावे. नसेल तर तो वाट देतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुंबईकर करतो ते सगळेच शिकण्यासारखे नाही. तो चालत्या गाडीत उडी मारून खिडकी पकडतो, दारातल्या दांड्याला लटकतो, पूल लांब पडतो म्हणून रूळ ओलांडतो. त्याच्या डोक्यावर मस्टरची टांगती तलवार असते, आणि तरीही ही घाई महागातच पडते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही घरी परतलेच नाहीत. ही सारी रोजच्या सवयीची माणसे होती.

सुटत्या गाडीतून कुणी आपलेपणाने हात पुढे करील. त्याचे मन मोठे, पण तो हात धरू नये. काही मिनिटांत दुसरी गाडी येते. पुलावर गर्दी तुंबली असेल तर ती ओसरेपर्यंत फलाटावरच बाजूला उभे राहावे. रोजच्या नोकरदाराला पाच मिनिटे परवडत नाहीत. पाहुण्याकडे तेवढी निश्चित असतात. पाहुणा म्हणून मिळणारी तेवढी एक चैन मुंबईत आवर्जून करावी.