रात्रीचा फड आणि देहांतील घड्याळ

जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव हें तमाशाची पंढरी म्हणून महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या पडतात, आणि जुन्नर-आंबेगांवचेच नव्हेत तर दूरदूरच्या गांवांचे पुढारी यात्रेची सुपारी देण्यास येतात. यात्रांचे दिवस सुरू झाले कीं फडांतील स्त्रियांची रात्र बोर्डावर व दिवस प्रवासांत जातो. येथील विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांना खेळ चालू असतांनाच प्रसववेदना सुरू झाल्या, आणि प्रसूतीनंतर त्या पुन्हां बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

अशा नित्य जागरणाचा स्त्रीच्या देहधर्माशीं कांहीं संबंध आहे काय? आहे, आणि त्याचें मूळ मेंदूंत आहे. दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतु जेथें एकमेकांस छेदतात, त्याच्या किंचित् वर कांहीं सहस्र पेशींचा एक पुंजका असतो. हेंच देहाचें मुख्य घड्याळ होय. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तें रोज आपली वेळ लावून घेतें.

स्त्रीबीज सुटण्यास दोन गोष्टी जुळाव्या लागतात. बीज पक्व होत आलें कीं बीजांडकोशांतून ईस्ट्रोजेन हें संप्रेरक वाढत्या प्रमाणांत रक्तांत येतें. ही पहिली खूण. दुसरी खूण घड्याळाची. दोन्ही मिळाल्या म्हणजे मेंदूच्या आज्ञेवरून पीयूषिका ग्रंथि दुसऱ्या एका संप्रेरकाची मोठी लाट रक्तांत सोडते, आणि तिच्या योगानें बीज सुटतें.

एव्हरेट व सॉयर या शास्त्रज्ञांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. उंदरांच्या माद्यांस ठराविक दिवशीं दुपारीं दोनच्या सुमारास गुंगीचें औषध दिलें असतां, बीज सुटण्यास कांहीं तासांचा नव्हे, तर पुऱ्या चोवीस तासांचा विलंब झाला. गांवाची एकुलती एक मोटार चुकली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं त्याच वेळेची वाट पाहावी लागते, तसाच हा प्रकार.

मनुष्यजातींत हें बंधन इतकें कडक नाहीं. तथापि स्त्रियांतही ती लाट बहुधा पहांटेच्या किंवा सकाळच्या सुमारास उठते. आणि रात्रपाळीच्या परिचारिकांत अनियमित पाळीचें प्रमाण अधिक आढळलें आहे. डेन्मार्कमधील २०१९ च्या एका पाहणींत, गर्भारपणाच्या आठव्या आठवड्यानंतर ज्या स्त्रियांनीं एका आठवड्यांत दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या, त्यांस पुढील आठवड्यांत गर्भपाताचा धोका शेंकडा ३२ नें अधिक दिसून आला.

तेव्हां फडांतील एखादीची पाळी बिघडली, तर तो तिचा दोष नव्हे, कीं कोणा देवतेचा कोपही नव्हे. तिला दिवसां अंधारी व शांत जागा आणि शक्यतों नेमाची झोप मिळावी, तक्रार राहिल्यास वेळींच डॉक्टरांस दाखवावें, आणि गर्भवतीस रात्रीच्या खेळांतून मोकळीक असावी. विठाबाईंचें धैर्य वंदनीय खरेंच. परंतु तसें धैर्य दाखविण्याची पाळी दुसऱ्या कोणा स्त्रीवर येऊं नये, यांतच त्यांचा खरा मान आहे.